फॅटी लिव्हर: नवऱ्याचा ग्रेड दोन, माझा ग्रेड एक, मग जास्त काळजी कोणाची?

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक होता, त्यातलं महत्त्वाचं तेवढं आधी इथे मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सोलापूरच्या, वय ५३. पाळी जाऊन चार वर्षं झाली. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी साखर वाढली होती. बीपीची गोळी चालू आहे. वजन ६४ किलो, उंची १५२ सेंमी, कंबर ९२ सेंमी. उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, ग्रेड १. यकृताच्या रक्ततपासणीतले दोन आकडे, एसजीपीटी ३४ आणि एसजीओटी ३८, प्लेटलेट १ लाख ६५ हजार. यजमान ५६ वर्षांचे, कंबर ९८, ट्रायग्लिसराइड २६०, साखर ११८, एचडीएल ३९, सोनोग्राफीत ग्रेड २, एसजीपीटी ६२, एसजीओटी ४४, प्लेटलेट २ लाख ६० हजार. शनिवार-रविवारी ते 'बसतात'. दोघांनाही मेटाबॉलिक सिंड्रोम असल्याचं सांगितलंय. तुम्ही विचारलंय, "फॅटी लिव्हर पुरुषांना जास्त होतं, बायकांना हार्मोनचं संरक्षण असतं असं वाचलं. मग आता यांच्याकडेच लक्ष द्यायचं ना?" आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की २४ वर्षांच्या मुलीला पीसीओडी आहे.

मी सोलापुरात फिजिशियन म्हणून बरीच वर्षं काम करते. असं जोडपं महिन्यातून अनेकदा समोर बसतं. फाइल नवऱ्याची असते, ती बायकोच्या पिशवीत असते, आणि तिचे स्वतःचे रिपोर्ट त्याच फाइलच्या तळाशी घडी घालून ठेवलेले असतात. ते मलाच मागून घ्यावे लागतात. म्हणून स्पष्टच सांगते: तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून पुढची तपासणी आधी तुमची व्हायला हवी. यजमानांकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही, पण रांगेत तुम्ही पुढे आहात.

आता असं का, ते सांगते.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. एकूण लोकसंख्या पाहिली तर फॅटी लिव्हर पुरुषांमध्येच जास्त आढळतं. पाळी चालू असलेल्या बाईच्या अंगावरची चरबी आधी मांड्या, नितंब, दंड इथे साठते. ती दिसायला खटकते, पण तिथे ती बऱ्यापैकी निरुपद्रवी असते. पुरुषाची चरबी लवकर पोटात शिरते, आतड्यांभोवती. तिथलं रक्त थेट यकृताकडे जातं, त्यामुळे त्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं पहिल्यांदा यकृताच्याच पदरात पडतात. शिवाय इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन यकृताच्या आतही काम करतं. नवी चरबी तयार होण्याला ते लगाम घालतं आणि असलेली जाळायला मदत करतं. म्हणून तिशी-चाळिशीत एकाच घरातल्या नवऱ्याला फॅटी लिव्हर आणि बायकोचं यकृत स्वच्छ, हे चित्र नेहमीचं.

पण हे संरक्षण बाई असण्याचं नाही, तर एका विशिष्ट अवस्थेचं आहे. पाळी गेली की चरबीचा मुक्काम मांड्यांवरून पोटाकडे हलतो. वजनकाट्यावर दोन किलोचाही फरक नसतो, पण ब्लाउज तोच बसतो आणि परकराची नाडी मात्र तोकडी पडते. पन्नाशीनंतर बायकांमधलं प्रमाण वाढत जातं आणि पुरुषांशी असलेलं अंतर भरून निघायला लागतं. ज्यांची पाळी लवकर जाते, किंवा गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढलेले असतात, त्यांच्यात हे आणखी आधी होतं. आपल्याकडे चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायका किती आहेत ते सांगायला नको. तुम्ही शस्त्रक्रियेचा उल्लेख केलेला नाही, पण वाचणाऱ्या कोणाची झाली असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. पोटातली जुनी शस्त्रक्रिया आणि यकृत यांचा काही संबंध असेल असं रुग्णाला वाटत नाही.

त्यात आपण भारतीय. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचं आणि लंडनच्या एका सहकारी डॉक्टरचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र त्या इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. त्यामुळे वजन बेताचं आहे यावर आपल्याकडे विसंबता येत नाही. कंबर मोजावी लागते. आपल्यासाठी मर्यादा पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८०. तुमची ९२ आहे, म्हणजे मर्यादेपेक्षा १२ ने जास्त. यजमानांची ८ ने जास्त. दोन्ही कंबरा टेपवर ठेवल्या तर तुम्ही बारीक दिसता, पण आपापल्या मापाने बघितलं तर तुम्हीच पुढे.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. ज्यांना मेटाबॉलिक सिंड्रोम आहे, त्यांच्यात स्त्री-पुरुष फरक कसा दिसतो? कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, बीपी, साखर या पाचपैकी तीन बिघडले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. यजमानांचे चार बिघडलेत, तुमचे पाचही. एचडीएल बायकांना ५० च्या वर लागतं, पुरुषांना ४० च्या वर. त्यामुळे तुमचं ३८ आणि त्यांचं ३९ हे दिसायला जवळपास सारखं असलं तरी तुमची तूट कितीतरी मोठी आहे.

जपानमध्ये नियमित आरोग्य तपासणीला येणाऱ्या ४ हजारांहून जास्त लोकांचा पाठपुरावा करून २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीला मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्यांमध्ये पुढे नव्याने फॅटी लिव्हर होण्याची शक्यता, सिंड्रोम नसलेल्यांच्या तुलनेत, पुरुषांत सुमारे ४ पट निघाली. बायकांत ती निघाली सुमारे ११ पट. हा आकडा वाचून घाबरू नका, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. बायकांना पुरुषांच्या तिप्पट फॅटी लिव्हर होतं असा तो अर्थ नाही. निरोगी बाईचा मूळ धोकाच फार कमी असतो, म्हणून पट मोठी दिसते. अर्थ एवढाच की मेटाबॉलिक सिंड्रोम झाल्यावर पुरुष वाईटातून आणखी वाईटात जातो, आणि बाई चांगल्या जागेवरून थेट त्याच्या पंक्तीला येऊन बसते. तिच्याकडे गमावण्यासारखं जास्त होतं, ते तिने गमावलेलं असतं. डायबेटिस झालेल्या बायकांच्या हृदयाबाबतही आम्ही नेमकं हेच पाहतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. फॅटी लिव्हर होणं वेगळं आणि ते पुढे सरकणं वेगळं. बहुतेकांचं यकृत आयुष्यभर नुसतं चरबी बाळगून राहतं. काहींच्या यकृताला सूज येते, सूज भरताना आत व्रणाचे धागे तयार होतात आणि यकृत कडक होत जातं. त्याला फायब्रोसिस म्हणतात, आणि त्याचं टोक म्हणजे सिरोसिस. २०२१ मध्ये अनेक देशांतल्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात बायकांना फॅटी लिव्हर होण्याचा धोका पुरुषांपेक्षा १९ टक्के कमी आढळला. पण ज्यांना ते झालेलं आहे त्यांच्यात पुढच्या टप्प्याच्या फायब्रोसिसचा धोका बायकांत ३७ टक्के जास्त होता, आणि पन्नाशीपुढे हा फरक ५६ टक्क्यांवर गेला. थोडक्यात, बाईला होतं कमी, पण झालं आणि वय उलटलेलं असलं, तर ते पुढे जाण्याची भीती जास्त.

म्हणूनच ग्रेड १ आणि ग्रेड २ यांची तुलना करून तुम्ही जो निष्कर्ष काढलात तो मला पटत नाही. सोनोग्राफीतला ग्रेड गोदामात माल किती भरलाय ते सांगतो, भिंतींना तडे गेलेत का ते सांगत नाही. कधी कधी तर फायब्रोसिस वाढतो तशी चरबी कमी होत जाते आणि ग्रेड 'सुधारलेला' दिसतो. आणि हा ग्रेड सोनोग्राफी करणाऱ्याच्या नजरेवरही अवलंबून असतो.

एसजीपीटीचंही तसंच. लॅबच्या कागदावर बहुधा '४० पर्यंत नॉर्मल' असं दोघांसाठी एकच छापलेलं असतं. यकृततज्ज्ञांच्या मते निरोगी पुरुषाची वरची मर्यादा साधारण २९ ते ३३ आणि बाईची १९ ते २५ असायला हवी. त्या हिशेबाने तुमचं ३४ हे नॉर्मल नाही, फक्त कागदावर त्याच्यापुढे लाल खूण आलेली नाही. शिवाय यकृत बरंच कडक झालेलं असतानाही एसजीपीटी नॉर्मल राहू शकतं.

मग बघायचं काय? एक साधा हिशेब आहे, त्याला फिब-४ म्हणतात. कागद-पेन्सिलीने करता येतो. वय गुणिले एसजीओटी हे वर लिहा. प्लेटलेट हजारात घेऊन तिला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा, ते खाली लिहा. वरच्या आकड्याला खालच्याने भागा. यजमानांचा: ५६ गुणिले ४४ म्हणजे २४६४, खाली २६० गुणिले ७.८७, म्हणजे साधारण २०४७. उत्तर १.२. तुमचा: ५३ गुणिले ३८ म्हणजे २०१४, खाली १६५ गुणिले ५.८३, साधारण ९६२. उत्तर २.०९.

१.३ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर जास्त. मधल्यांना पुढची तपासणी लागते. म्हणजे घरात ज्यांच्या लिव्हरची चर्चा चालू आहे ते सध्या खालच्या गटात, आणि ग्रेड १ म्हणून सोडून दिलेल्या तुम्ही मधल्या.

इथे लगेच सावध करते. फिब-४ हे निदान नाही, ती चाळणी आहे. वय त्यात सरळ गुणलं जातं, म्हणून पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ही मर्यादा धरतात. तुमच्या प्लेटलेट एखाद्या तापामुळे तात्पुरत्या उतरलेल्या असू शकतात. पावसाळ्यात डेंगीनंतर काढलेल्या रिपोर्टवर हा हिशेब करून घाबरून आलेले लोक मी पाहिलेत. तर आधी पूर्ण बरं असताना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या तपासण्या पुन्हा करा. आकडा पुन्हा १.३ च्या वर आला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा बाहेरूनच मोजणारी तपासणी, करून घ्या. त्याआधी किमान तीन तास काही खायचं नाही. त्यात दोन आकडे येतात. एक चरबीचा, त्याने झोप उडवून घेऊ नका. दुसरा किलोपास्कलमध्ये, तो कडकपणाचा. ८ च्या खाली आला तर निर्धास्त राहा आणि फिब-४ वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बघा. ८ च्या वर गेला तर यकृताच्या डॉक्टरांना दाखवा, १२ च्या वर असेल तर लवकर दाखवा.

याच फेरीत हिपॅटायटिस बी आणि सी, आणि थायरॉइडही बघून घ्या. बायकांत एसजीपीटी वाढलेलं असेल तर मी आणखी एका गोष्टीचा विचार करते, तो म्हणजे ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटणं. हा आजार बायकांमध्येच जास्त असतो आणि सोनोग्राफीत चरबी दिसली की त्याच्याकडे लक्षच जात नाही. औषधांची यादीही पूर्ण सांगा. स्तनाच्या कर्करोगानंतर दिलं जाणारं टॅमॉक्सिफेन, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट यांनी यकृतात चरबी वाढते. आणि काढे! करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले होते. 'लिव्हर साफ करणारा' काढा कोणी दिला असेल तर बंद करा आणि बाटली डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा.

यजमानांबद्दल दोन शब्द. त्यांचा फिब-४ बरा आहे, पण बसण्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडा. ६० मिलीच्या एका मोठ्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. पुरुषात आठवड्याला २१० ग्रॅमच्या वर गेलं, बाईत १४० च्या वर, की आजारात दारूचा वाटा धरावाच लागतो. ते त्या खाली असतील, तरी साखर आणि ट्रायग्लिसराइड असे असताना माझा सल्ला बंद करण्याचाच. यकृताचा कर्करोगही पुरुषांत जास्त आढळतो. दोघांच्याही बाबतीत मोठा धोका मात्र हृदयाचा आहे. फॅटी लिव्हर असलेले लोक यकृतापेक्षा हृदयविकाराने जास्त दगावतात. म्हणून डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर ती लिव्हरच्या भीतीने बंद करू नका. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन चालतं.

आता उपाय. इथे मला सोलापूरबद्दल बोलावं लागेल. माझ्याकडे येणाऱ्या विडी वळणाऱ्या बायका सांगतात, "बाई, दिवसभर कामातच असते." असतातच. पण सूप मांडीवर घेऊन दहा-दहा तास एका जागी बसून. कष्ट पुरेपूर, हालचाल मात्र बोटांची. शिलाई मशीनवर बसणाऱ्यांचं आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यांचंही तेच. तुम्हीही लिहिलंय की घरचं सगळं तुम्हीच करता. ओट्यापाशी उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे, हे बायकांना सांगताना मला दरवेळी अवघड जातं, कारण थकवा खरा असतो. पण यकृताला थकवा मोजता येत नाही, त्याला स्नायूंनी वापरलेली साखर कळते.

तुमच्या ६४ किलोंपैकी ३ ते साडेतीन किलो उतरले तर यकृतातली चरबी कमी होते. साडेचार ते सहा किलो उतरले तर सूज उतरण्याची शक्यता चांगली. साडेसहाच्या आसपास, म्हणजे दहा टक्के उतरले, तर फायब्रोसिससुद्धा मागे हटू शकतो. हे सहा-आठ महिन्यांत करा, महिन्याभरात नको. झटपट उपासमारीने यकृताला त्रास होतो आणि पित्ताशयात खडे होतात, तेही बायकांनाच जास्त.

चालणं पहाटे ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, मग संध्याकाळी सातलाही रस्ता तापलेला असतो आणि फिरणं बारगळतं. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, धाप लागेल पण बोलता येईल अशा वेगाने. आणि पन्नाशीनंतरच्या बाईला फक्त चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर पडेल असं काही करा: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं. पाळी गेल्यावर स्नायू झिजतात, आणि जेवणानंतरची साखर घेणारं सर्वांत मोठं ठिकाण तेच.

जेवणात ज्वारीची भाकरी सोडू नका, पण ज्वारी आहे म्हणून तीन खाऊ नका. दीड भाकरी, वाटीभर डाळ किंवा उसळ, भाजी भरपूर. शेंगाचटणी मला स्वतःला लागतेच. शेंगदाणा वाईट नाही, तिच्यावर ओतलेलं तेल मोजा. संध्याकाळी चहाबरोबर कडक भाकरीचे तुकडे मोडत बसायची सवय असेल तर ती मोजणीत धरा, ती भाकरीच आहे. चहातली साखर, सरबतं, आमरस, फळांचे रस हे यकृतातल्या चरबीचे थेट पुरवठादार. आणि उपवास! आठवड्यातून दोन दिवस साबुदाण्याची खिचडी, वेफर आणि केळ्याची शिकरण, याला कोणत्याही देवाने उपवास म्हटलेलं नाही. सगळ्यांचं झाल्यावर रात्री साडेदहाला उरलेलं संपवायचं ही पद्धतही बंद करा. उरलं तर उरू द्या.

गोळ्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते फायब्रोस्कॅनच्या आकड्यावर ठरेल. एकच सांगते, पायोग्लिटाझोन नावाची गोळी यकृतासाठी दिली जाते आणि काहींना उपयोगी पडते, पण पाळी गेलेल्या बाईत तिने हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. कोणी सुचवली तर हाडांबद्दल विचारा. फक्त लिव्हरसाठी म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेऊ नका. अंगातून वाफा येणं वगैरे त्रास असेल तर तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर घ्यायचा, आणि तेव्हा तुमच्या लिव्हरची माहिती त्यांना द्यायची. बाजारातली लिव्हर टॉनिकं सिरपच्या रूपात बहुधा साखरच असतात.

खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये दाखवा. फॅटी लिव्हर २०२१ पासून केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात घेतलेलं आहे. फिब-४ साठी लागणारे तीन रिपोर्ट तर कोणत्याही साध्या लॅबमध्ये होतात.

राहिली मुलगी. तिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ती तितकीच महत्त्वाची आहे. पीसीओडी असलेल्या मुलींमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचा प्रकार असतो आणि पुरुषी हार्मोन वाढलेले असतात. त्यामुळे तरुण बाईला मिळणारं संरक्षण तिच्या बाबतीत आधीच कमी पडलेलं असतं. त्यात आईला गरोदरपणात साखर झालेली. ती बारीक असली तरी कंबर मोजा, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि एसजीपीटी करा. फिब-४ तिच्यासाठी काढू नका, पस्तिशीच्या आत तो फसवतो. एसजीपीटी २५ च्या वर असेल किंवा कंबर ८० च्या वर असेल तर सोनोग्राफी करून घ्या. लग्नाची बोलणी चालू आहेत म्हणून रिपोर्ट पुढे ढकलू नका. आणि गरोदर राहण्याआधी एकदा साखर तपासून घे, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.